‘हे माझे आजोबा, यांना ऐकू येत नाही’

आमच्या वार्षिक संमेलनाची कार्यक्रमपत्रिका मीच लिहिते. लिहिते म्हणजे काय, गेल्या वर्षीची काढते आणि तारीख बदलते. स्वागत, प्रास्ताविक, अहवालवाचन, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत, नाच, गाणी, आभार. हे सगळं तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं आहे, तेव्हा सोडून देते. आभारांच्या आधी मात्र आमच्या पत्रिकेत एक शब्द असतो, ‘ओळख’. मी या मंडळात इतकी वर्षं टिकले ती त्या पाऊण तासापायी.

मंडळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बालवाडीतली साडेतीन ते पाच वर्षांची मुलं आणि सत्तरीपुढचे आजी-आजोबा, काही वृद्धाश्रमातले, काही घरून येणारे. आठवड्यातून एकदा, दीड तास, एका खोलीत. सुरुवातीचे दोन महिने आम्ही जोड्या लावत नाही. कोण कोणाशेजारी जाऊन बसतं ते नुसतं बघतो, बालवाडीच्या बाई वहीत टिपून ठेवतात, आणि ज्या जमल्यात त्यांनाच जोडी म्हणतो. पहिल्या वर्षी आम्ही शहाण्यांसारखा आवडीनिवडींचा तक्ता करून जोड्या ठरवल्या होत्या. मुलांनी दुसऱ्याच आठवड्यात तो मोडीत काढला.

तर ‘ओळख’ म्हणजे जोडीने मंचावर यायचं. आधी मुलाने आजीची किंवा आजोबांची ओळख करून द्यायची, मग त्यांनी मुलाची. नियम एकच, भाषण कोणी लिहून द्यायचं नाही. एका पालकांनी तो मोडला. लेकाकडून चांगलं घोकून घेतलं होतं, ‘अनुभवाचं भांडार’, ‘ज्ञानाचा वटवृक्ष’ वगैरे. पोरगं दुसऱ्या वाक्याला अडलं. शेजारच्या खुर्चीकडे बघून म्हणालं, “हे माझे आजोबा. यांना ऐकू येत नाही. पण यांना ट्रकचा आवाज येतो.” आणि ट्रक सुरू केला. आजोबांना शब्द कळला नसावा, पण गालांची हालचाल कळली. त्यांनीही गिअर टाकला. दोघं मंचावरच्या मंचावर चढ चढून गेले. वटवृक्ष राहिला तो राहिलाच.

ऐकू न येण्याचं प्रकरण आमच्याकडे गमतीचं नाही. वय वाढलं की कान आधी उंच, बारीक आवाज सोडतात. स, श, फ ही अक्षरं पुसट होतात. आणि मुलांचे आवाज तर मुळातच बारीक! म्हणजे ज्यांच्याविषयी बोलायचं त्यांनाच ते धड ऐकू जाऊ नये, अशी आमच्या कार्यक्रमाची घडणच आहे. नुसता आवाज वाढवून भागत नाही, उलट सगळ्याचाच कालवा होतो. एका वर्षी ध्वनिव्यवस्थेवाल्याने मुलांच्या बोलण्यामागे ‘भावपूर्ण’ म्हणून संगीत सोडलं. पहिल्या रांगेतल्या निम्म्या लोकांनी कानातली यंत्रं काढून खिशात टाकली आणि शांतपणे हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिले. तेव्हापासून ‘ओळख’ सुरू झाली की मागे काहीही वाजवायचं नाही, आणि उजेड मुलाच्या तोंडावर हवा, ओठ दिसायला हवेत. त्या यंत्रांचा एक दोष मात्र मुलांनी हेरून ठेवलाय. कानाशी गाल आला की यंत्र शिट्टी वाजवतं. त्यामुळे आमच्याकडे मिठ्या जरा जास्तच मारल्या जातात.

माझी सगळ्यात लाडकी ओळख बटणाची. एका आजोबांना कंपवात होता. शर्टाचं बटण काजाजवळ जायचं आणि निसटायचं. जायचं, निसटायचं. त्यांच्या जोडीचा मुलगा तेव्हा बालवाडीत नेमकं तेच शिकत होता. माँटेसरी बाईंच्या पद्धतीत लाकडी चौकटीवर दोन फडकी ताणलेली असतात, मुलांनी ती बटणांनी जोडायची. मारिया माँटेसरींनी रोममध्ये १९०७ साली पहिलं बालगृह उघडलं ते लहानांसाठी. पुढे अमेरिकेत कॅमेरॉन कॅम्प नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या पद्धती स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी वापरल्या. आमच्या बाईंनी हे कुठे वाचलं होतं की आपसूक सुचलं, विचारायचं राहून गेलं. एका बुधवारी त्यांनी चौकट दोघांच्या मध्ये ठेवली. मुलगा एक टोक घट्ट धरायचा, आजोबा बटण घालायचे. मग उलट. खालचा ओठ दाताखाली धरायची मुलाची सवय महिन्याभरात आजोबांना लागली. संमेलनात मुलाने सांगितलं, “यांना बटण मी शिकवलं.” आजोबांनी माइक घेतला. हात थरथरत होता म्हणून मुलाने खालून धरला. ते म्हणाले, “हे माझे मास्तर. हे मारत नाहीत.” एवढंच बोलून खाली बसले. त्या दिवशी निवेदन माझ्याकडे होतं आणि पुढच्या जोडीचं नाव माझ्या तोंडून फुटेना.

पाहुण्यांच्या भाषणांबद्दल एवढंच सांगते की टोकियो येतंच. पाहुणे डॉक्टर असोत, प्राध्यापक असोत, कोतोएनचं नाव घेतल्याशिवाय बसत नाहीत. तिथे १९७६ पासून पाळणाघर आणि वृद्धांचं घर एकत्र चालतं हे आता मलाच नव्हे, मुलांनाही पाठ झालंय. कोणी जास्त वाचलेलं असेल तर सिएटलच्या माउंट सेंट व्हिन्सेंटपर्यंत पोचतं. १९९१ पासून तिथे वृद्धाश्रमाच्या आतच पाळणाघर आहे, सहा आठवड्यांच्या तान्ह्यापासून पाच वर्षांपर्यंतची मुलं आठवड्याचे पाच दिवस तिथे असतात. पाच दिवस! मी दरवर्षी मनात हिशेब करते, आमच्या दीड तासाचा. पण तो दीड तासही सणासुदीला मुलांना ओळीत उभं करून दोन गाणी म्हणवून परत नेण्यापेक्षा कितीतरी बरा. त्या प्रकारात म्हातारी माणसं नुसती टाळ्या वाजवतात. बटण लावायला शिकायचं तर दर आठवड्याला यावं लागतं. असो. माझी तक्रार पाहुण्यांच्या माहितीबद्दल नाही. एवढं सगळं सांगून ते घड्याळ बघतात आणि ‘ओळख’ सुरू व्हायच्या आत उठून जातात.

पालकांचंही तेच, आणि ते मी मंडळाच्या तीन बैठकांत बोलून दाखवलंय. आपल्या मुलाचा नाच आला की सगळे मोबाइल उंचावून उभे. मागच्या आजी-आजोबांना मोबाइलचीच रांग दिसते. नाच संपला की मूल काखोटीला मारून बाहेर. एका वर्षी आजी-आजोबांचं समूहगान सुरू झालं तेव्हा मी खुर्च्या मोजल्या. दीडशे मांडल्या होत्या, अडतीस भरलेल्या. आणि आजी-आजोबांची स्वतःची मुलं? त्यांना आम्ही वेगळं निमंत्रण पाठवतो, फोन करतो. दरवर्षी येणारे दोन जण आहेत, ते कोण हे सगळ्यांना ठाऊक आहे.

सगळ्या म्हाताऱ्यांना मुलं आवडतात, हा तरुणांचा गैरसमज आहे. आमच्यात एक आजी आहेत. “मी पाच वाढवली, आता पुरे,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांना जोडी नाही. दाराजवळच्या खुर्चीवर बसतात, गोंगाट वाढला की उठून जातात, परत येतात. एका सभासदाने त्यांना ‘समजावून’ सांगायचा प्रयत्न केला होता. मी मध्ये पडले. येऊन बसायचं आणि मुलांकडे बघायचं नाही, एवढा हक्क ब्याऐंशीव्या वर्षी हवाच.

‘गेले’ या शब्दाने आम्हाला एकदा चांगलंच अडचणीत आणलं. एक आजोबा गेले. मुलांना तसंच सांगितलं, “आजोबा गेले.” त्यांच्या जोडीची मुलगी म्हणाली, “कधी येणार?” पुढच्या बुधवारी ती खिडकीशी उभी. त्याच्या पुढच्याही. शेवटी बाईंनी तिला मांडीवर घेऊन सरळ सांगितलं की ते मेले, म्हणजे त्यांचं शरीर चालायचं थांबलं, ते आता येणार नाहीत. काही पालकांना ‘मेले’ फार झोंबलं. मलाही झोंबलं, लपवत नाही. पण मुलगी खिडकीशी उभी राहायची थांबली. संमेलन जवळ आलं तेव्हा तिला वगळावं की काय यावर आमचा खल चालला होता. तिने परस्परच सांगितलं की तिची ओळख तयार आहे. ती एकटी मंचावर आली. “माझे आजोबा मेले. ते मला खोटं खोटं रागवायचे. त्यांना लपायला येत नव्हतं, पाय दिसायचे.” मग ती थांबली, कारण आता त्यांनी तिची ओळख करून द्यायची होती. सभागृहात कोणाला काही सुचेना. तेव्हा दाराजवळच्या त्या आजी जागेवरूनच, बऱ्यापैकी चिडक्या आवाजात म्हणाल्या, “ही मुलगी लपते फार छान. कधी सापडत नाही.” म्हणजे बघत होत्या तर.

२०२० आणि २०२१ ची संमेलनं झाली नाहीत. पुन्हा दार उघडलं तेव्हा मधल्या काळात आमची सगळी मुलं मोठ्या शाळेत गेली होती, आणि नऊ खुर्च्या कमी लागल्या. त्याबद्दल यापेक्षा जास्त मला लिहवत नाही.

आता आभार. नावं घेत नाही. एकदा घेतली होती, एक राहिलं आणि ती व्यक्ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही, म्हणून कामं सांगते, ज्याने त्याने स्वतःला ओळखावं. जोड्यांची वही ठेवणाऱ्या बाई. मुलांचे बूट-चपला जोडीने लावणाऱ्या, आणि तरी शेवटी एक बूट कमी पडल्यावर तो शोधून देणाऱ्या मदतनीस ताई. वृद्धाश्रमातून चाकाच्या खुर्च्या उतारावरून उलट्या तोंडाने, न घाबरवता खाली आणणारे दोघे भाऊ. सर्दी-खोकल्याच्या मुलांना दारातूनच, पण पालकांशी न भांडता परत पाठवणाऱ्या परिचारिका. कानाच्या यंत्रांच्या जादा बॅटऱ्या खिशात ठेवणारे सर. सगळ्यांच्या नावाचे बिल्ले लांबूनही वाचता येतील अशा ठसठशीत अक्षरांत लिहिणाऱ्या आजी, त्याच त्या दाराजवळच्या. संगीत बंद ठेवायला सांगितल्यावर रागावलेला, पण पुढच्या वर्षीही आलेला ध्वनिव्यवस्थेवाला मुलगा. समूहगानाला पेटीवर बसणारे आणि गाणारे पुढे निघून गेले तरी वाट बघत न थांबता त्यांना गाठणारे काका. खुर्च्या मांडणारे सातजण, उचलणारे तिघं. उरलेले चौघं कुठे जातात ते मला माहीत आहे. भुकेल्या मुलांना मध्येच खाऊ देणाऱ्या वहिनी. अहवाल टाइप करून देणारी भाची.

आणि पडदा ओढणारे अण्णा. हे वाचून दाखवलं तेव्हा समोरच बसले होते, काही बोलले नाहीत. त्यांचं गेल्या वर्षीही राहिलं होतं.