कंप्रेसर आणि त्याचं वऱ्हाड

मे महिन्यात गाडीचा एसी गरम हवा फेकू लागला की आपण आधी गॅसचं नाव घेतो. "गॅस कमी झाला असेल, भरून घेऊ." या बोलण्यात मोठी आशा दडलेली असते, कारण गॅस दीड-दोन हजारांत भरून होतो. वास्तविक हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. पण गळती शोधायला गाडी गॅरेजमध्ये सोडावी लागते आणि गॅस तासा-दीड तासात भरून मिळतो. मग दर उन्हाळ्यात गॅस भरायचा. इकडे तो गॅस दाबून फिरवणारा कंप्रेसर कोरडा पडत जातो, कारण त्याचं तेल त्या गॅसबरोबरच फिरतं. गॅस उडाला की थोडं तेलही जातं.

शेवटी बॉनेटखालून करकर ऐकू येते. गॅरेजवाला एसी चालू-बंद करायला लावतो, कंप्रेसरला इंजिनाच्या बेल्टशी जोडणाऱ्या मॅग्नेट क्लचचा 'टक्' ऐकतो आणि मान हलवतो. छोट्या गाडीचा नवा कंप्रेसर साधारण १५ ते २५ हजार, मोठ्या गाडीला त्याहून बरंच जास्त. (२२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, एवढाच काय तो गारवा.) आपण मान हलवण्याआधी त्याला एक विचारून घ्यावं: नुसतं क्लचचं बेअरिंग किंवा कॉइल तर गेलेलं नाही ना? तसं असेल तर काही गाड्यांत काम थोडक्यात भागतं.

नाहीतर मग कंप्रेसर येतो, आणि तो नवरदेवासारखा, वऱ्हाड घेऊनच येतो. ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, ओ-रिंगा, नवं तेल, फ्लशिंग, व्हॅक्यूम, गॅस, मजुरी. यातलं बरंचसं आगंतुक वाटतं, पण तसं नसतं. जुना कंप्रेसर आतून फुटला असेल तर धातूचा कीस सगळ्या नळ्यांत पसरलेला असतो. कंडेन्सरच्या, म्हणजे गाडीच्या तोंडाशी गॅस थंड करणाऱ्या जाळीच्या, बारीक नळ्यांत तो असा अडकतो की धुऊनही निघत नाही. मग कंडेन्सरही नवा. कीस राहिला तर नवा कंप्रेसरही जुन्याच्या वाटेनं जातो. लोक सगळ्यात आधी काटछाट करतात ती ड्रायरवर, आणि माझ्या मते तीच सगळ्यात वाईट काटकसर. नळ्या उघडल्या की हवेतला ओलावा आत शिरतो, तो शोषणारा हाच. कंप्रेसरच्या मानानं त्याची किंमत किरकोळ.

आकडा घरी सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला. "अहो, पण आपली गाडी विकली तर किती येतील?" प्रश्न रास्त आहे. बारा-तेरा वर्षांच्या गाडीला एवढा खर्च हिशेबात बसत नाही. शेजारचे काका तर ॲम्बॅसॅडरच्या काचा खाली करून महाबळेश्वरला जायच्या गोष्टी काढतात. काका, तेव्हा काच खाली केली की वारा यायचा. आता पुण्याच्या चांदणी चौकात केली तर शेजारच्या टेम्पोचा धूर येतो आणि त्याच्या ड्रायव्हरच्या फोनवरचं भांडण.

तरी काटकसर आपल्या रक्तात आहेच. बेल्टवर चालणारा कंप्रेसर इंजिनाचीच ताकद खातो, म्हणून खंबाटकीसारखा घाट चढताना एसी बंद करणारे अजून पुष्कळ आहेत, आणि छोट्या इंजिनाच्या गाडीला तो फरक खरंच जाणवतो. थंडीत मात्र एसी चार महिने बंद ठेवणं महागात पडू शकतं. मधूनमधून दहा मिनिटं चालवला तर तेल फिरतं आणि सील सुकत नाहीत.

स्वस्तातला मार्ग कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात मिळतो. नव्याच्या निम्म्याहून कमीत, वर "गॅरंटी आहे साहेब" फुकट. ही गॅरंटी बहुधा दुकानाच्या पायरीपर्यंतची असते. अपघातात गेलेल्या गाडीचा धडधाकट कंप्रेसर मिळाला तर नशीब, नाहीतर रंग मारलेला म्हातारा. मी तरी नव्यालाच पैसे मोजले. गॅरेजवाल्यानं बिल हातात दिलं आणि अगदी सहज म्हणाला, "जुना इथंच राहू द्या, पाचशे कमी करतो."

मी आठशेवर अडून बसलो.