लढाई जाहीर झाली आणि आम्ही पी.टी.ला गेलो

३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानच्या विमानांनी आपल्या तळांवर बॉम्ब टाकले, तेव्हा मी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात रंगरूट होतो. पंतप्रधान इंदिराबाई मध्यरात्रीनंतर रेडिओवर बोलल्या. आम्ही त्या वेळी गाढ झोपेत होतो. पहाटे बिगुल रोजच्याच वेळी वाजला. पी.टी.च्या मैदानावर रांगा लागल्यावर उस्ताद, म्हणजे आमचे प्रशिक्षक, म्हणाले, "लढाई लागली. आता दौड." आणि आम्ही धावायला लागलो.

लढाईच्या दिवसांतलं प्रशिक्षण म्हटलं की लोकांना सगळं धडाधड चाललं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात दिवस तोच होता. अंधारात उठायचं, मिसरूड न फुटलेल्यांनीसुद्धा गालावरून वस्तरा फिरवायचा, मगभर चहा, पी.टी., लंगरमध्ये नाश्ता, मग ड्रिल, हत्यारांचे तास, वर्ग, खेळ, संध्याकाळची हजेरी. मी भरती झालो तो पावसाळ्यात, तेव्हा बेळगावच्या तांबड्या चिखलाने जीव नको केला होता. ड्रिलमध्ये पाय आपटला की चिखल गुडघ्यापर्यंत उडायचा आणि तेच बूट हजेरीला लखलखीत लागायचे. डिसेंबरात चिखल वाळला आणि थंडी आली. अंगोला शर्टाची खाज आणि पहाटेचा गारठा यांत कुठलं जास्त वाईट, यावर बॅरकीत एकमत कधीच झालं नाही.

बदललं ते हळूहळू लक्षात आलं. खिडक्यांना काळे कागद लागले. बॅरकींच्या मागे खंदक खणायचं काम आमच्याकडे आलं. पहारे वाढले. रात्री पहाऱ्यावर कुणी दिसलं की "थम! कौन आता है?" असं ओरडायचं, हे आधी पाठांतर होतं. आता ओरडताना पोटात गोळा यायचा. येणारा आपलाच हवालदार आहे हे ठाऊक असूनही यायचा. आमच्या पुढच्या तुकड्यांतली पोरं प्रशिक्षण संपवून पलटणींत गेली होती. त्यातला एक माझ्या गावाजवळचा. त्याच्या पत्रावर गावाचं नाव नाही, राज्याचं नाही, फक्त '५६ ए.पी.ओ.' हा लष्करी टपालाचा पत्ता. तो पूर्वेला आहे की पश्चिमेला, हे त्याच्या आईलाही माहीत नव्हतं आणि मलाही. घरून येणाऱ्या अंतर्देशीय पत्रावर मात्र १५ नोव्हेंबरपासून पाच पैशांचं एक जादा तिकीट दिसायला लागलं होतं, बांगलादेशच्या निर्वासितांसाठीचं. वडिलांनी एकदा लिहिलं, "सरकारने तिकीट वाढवले, तुम्ही लवकर जिंका."

फायरिंग रेंजबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण खरं शिक्षण तिथेच झालं. आमच्या हातात ७.६२ ची सेल्फ लोडिंग रायफल होती. मॅगझिनमध्ये वीस गोळ्या, वजन चार किलोच्या वर. डोळ्यांवर पट्टी बांधून ती खोलायची आणि जोडायची. रेंजवर गोळ्या मोजून मिळत, आणि फायर झाल्यावर रिकामे खोके, म्हणजे गोळ्यांची पितळी टरफलं, मोजून परत द्यावे लागत. एक कमी भरला की सगळी तुकडी गवतात ओणवी. ऐन लढाईत एका दुपारी आम्ही असंच एका पितळी खोक्यासाठी गवत पिंजत होतो. शेजारचा पोरगा पुटपुटला, "तिकडं ट्रकच्या ट्रक गोळ्या उडत असतील की रं." उस्तादांच्या कानावर गेलं. ते एवढंच म्हणाले, "शोधा." खोका सापडेपर्यंत जेवणाची शिट्टी वाजून गेली होती.

हातबॉम्ब मात्र कोणी विसरत नाही. ३६ नंबरचा ग्रेनेड, हातातून सुटल्यावर चार सेकंद. आधी कितीतरी दिवस नकली ग्रेनेड फेकायचे. खऱ्याच्या वेळी पिन काढल्यावर मूठ आपोआप इतकी घट्ट होते की सोडायची कशी हाच प्रश्न पडतो. उस्ताद खांद्याला खांदा लावून उभे असत, शांत आवाजात "फेक" म्हणत. तो आवाज शांत ठेवायला काय लागत असेल हे पुढे मी स्वतः नायकाच्या हुद्द्यावर आल्यावर कळलं.

बातम्या लंगरच्या रांगेत मिळत. आमचे उस्ताद ६५ ची लढाई पाहिलेले, बोलायला कंजूस. पण ११ डिसेंबरला पूर्व पाकिस्तानातल्या टांगाईलला आपले छत्रीधारी सैनिक उतरले, आणि ते मूळचे आमच्याच रेजिमेंटचे, पूर्वीची तिसरी मराठा, हे कळलं त्या दिवशी त्यांनी आम्हाला स्वतःहून बसवून ती पलटण कशी पॅरा, म्हणजे छत्रीधारी, झाली हे सांगितलं. त्याच सुमारास जमालपूरहून ढाक्याकडे निसटणाऱ्या पाकिस्तानी तुकडीला जंगी पलटणीने, म्हणजे पहिल्या मराठाने, रात्रभर अडवून धरलं होतं. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही घोषणा आम्ही संगीन तालमीत रोज देत होतो. त्या आठवड्यात ती देताना घसे बसले.

१६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानी सेनापती नियाझींनी शरणागतीवर सही केली. बॅरकीत नाच झाला, लंगरमध्ये गोड मिळालं. पण रात्री दिवे बंद झाल्यावर बरेचजण गप्प होते. आपण कशाला शिकलो आणि आता काय, असं काहीतरी. मला तर सरळ राग आला होता. कुणाचा ते नाही सांगता येणार. अठरा वर्षांच्या पोराला लढाई चुकल्याचा राग येतो, हे आज माझ्या नातवाला सांगितलं तर तो हसतो.

आमची कसम परेड पुढच्या वर्षी झाली. धर्मग्रंथासमोर हात ठेवून जमीन, समुद्र, आकाश, जिथे पाठवतील तिथे जाईन अशी शपथ घेतली, आणि पाठवलं ते पश्चिम सीमेवर. तिथे गेल्यावर कळलं की चुकलेलं फारसं काही नव्हतं. गोळीबार १७ डिसेंबरलाच थांबला होता, पण दोन्ही सैन्यं समोरासमोर खंदकांत तशीच बसून. पेरलेले सुरुंग जागच्या जागी. सिमला करार जुलै १९७२ ला झाला आणि फौजा मागे यायला डिसेंबर उजाडला. पलटणीत पोहोचलो त्या संध्याकाळी सेक्शन कमांडरने माझी रायफल पाहिली नाही, निशाणा विचारला नाही. तळहात उलटे करून पाहिले, बेळगावच्या खंदकांचे घट्टे दिसल्यावर "चालेल" म्हणाला आणि टिकाव-फावडं पुढे केलं.