घरभेटीला सोबत नेलेला मुलगा

नवापूर तालुक्यात दिवाळी सरली की आमची मंडळी, म्हणजे चर्च, अर्धी रिकामी होते. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयते बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला निघतात. त्यामुळे पडावावर, तोड्यांच्या मुक्कामी, उपासना चालवणारा माणूस तोड्यांतूनच घडवावा लागतो, आणि तो वर्गात घडत नाही. त्याला घरभेटीला न्यायचं. बायबलातलं वचन घरून ठरवून आणायचं नाही. आत गेल्यावर माणसं बघायची, मग ठरवायचं. परतताना मोटरसायकलवर मागे बसून त्यानं मला सांगायचं: घरात कोण बोललं नाही, चूल पेटली होती का, आपलं वाचन लांबलं का.

भातलावणीच्या दिवसांत अशाच एका मुलाला घेऊन एका घरी गेलो. दहा-बारा वर्षांची मुलगी, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची. आदल्या दिवशी भर पावसात चिखलात उभी होती. आता हातपाय दुखून रडत होती, अंगात ताप. मंडळीतले एक वडील, म्हणजे एल्डर, आमच्या आधीच येऊन मोठ्यानं प्रार्थना करत होते. ते श्वास घ्यायला थांबले तसा हा मुलगा पुढे सरकला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून दोन वाक्यांत प्रार्थना केली, आमेन म्हटलं आणि तिच्या आईला मावची बोलीत विचारू लागला. पाणी किती प्यायली? ताप कधीपासून? गोळ्या कधी संपल्या? मग म्हणाला, "चिंचपाड्याच्या हॉस्पिटलात न्यायचं, आत्ताच."

वडील चिडले. "विश्वास नाही का तुझा?"

"आहे ना, आजोबा. गाडीत चालू ठेवू प्रार्थना. तुम्ही पण चला."

आणि ते आले! हॉस्पिटलात सलाईन लागलं, दुखण्यावर औषध मिळालं, काही दिवसांनी पोरगी घरी आली. हे त्याला मी शिकवलेलं नव्हतं. वडिलांना मध्येच थांबवायचं धाडस माझ्या पिढीत कोणी केलं नसतं.

कमिटीत मात्र चर्चा झाली ती पाळकांसमोर, म्हणजे माझ्यासमोर, वडिलांना अडवल्याची. बायबलात सेवेचा प्रवास अर्धवट सोडून पंफुलियातून परत फिरलेल्या मार्काला पौलानं नाकारलं, बर्णबानं सोबत घेतलं, आणि पुढे पौलच त्याला बोलावून घ्यायला सांगतो. यावर रविवारी माना डोलवतात, कमिटीत विसरतात. इथे तर मुलानं पाठ फिरवलीच नव्हती.

शेवटी तोडगा निघाला: पुण्याला सेमिनरीत, पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, पाठवा, पदवी घेऊन येऊ द्या. शिक्षणाला माझा विरोध नाही. पण आमच्याकडून गेलेली मुलं शहरातल्या मंडळ्यांत रमली. पडावावर कोणी परतलं नाही. त्याला अडवावं तर त्याचं भलं बघतोय की माझी सोय, हे मलाच नीट कळत नाही. शिफारसपत्र दिवाळीआधी द्यायचं आहे.

त्यानं सेमिनरीचं काही विचारलेलं नाही. विचारलं ते एवढंच, की पडावावर न्यायला मंडळीच्या पैशातून थर्मामीटर घेता येईल का. घे म्हणालो. पत्राचं अजून ठरत नाही.