कुंदगोळचा स्टेशनरस्ता

धारवाडहून पेढे आणणारी माणसं मला पुष्कळ भेटतात. कुंदगोळला जाऊन आलेलं मात्र कुणी भेटत नाही, याचा मला मनापासून राग येतो. दर डिसेंबरला पुण्यात मंडपाबाहेर रांगा लावतो आपण. ज्यांच्या नावाचा तो संगीत महोत्सव, त्या गायक सवाई गंधर्वांचं, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकरांचं गाव हुबळीपासून जेमतेम वीस किलोमीटरवर आहे!

धारवाड भराभर उरकलं. साधनकेरीत बेंद्र्यांचं घर पाहिलं. मातृभाषा मराठी असलेल्या या कवीला १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं ते कन्नड कवितेसाठी. मग ‘मृत्युंजय’, म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूरांचं घर. अल्लादियाखाँसाहेबांची गायकी मन्सूरांना त्यांच्या मुलांकडून, मंजीखाँ आणि भुर्जीखाँकडून मिळाली. इथे मराठी कुठे संपते नि कन्नड कुठे सुरू होते, मला तरी सांगता येणार नाही.

कुंदगोळला पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. नाडगीर वाडा पाहिला. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीमखाँसाहेब, त्यांचा मुक्काम असायचा तो हाच वाडा. पण मी रेंगाळलो ते वाड्यात नाही, स्टेशनच्या रस्त्यावर.

गायिका गंगूबाई हनगल हुबळीला राहायच्या. घर, मुलं सांभाळून संध्याकाळच्या गाडीने कुंदगोळला यायच्या, सवाई गंधर्वांकडे शिकायच्या आणि रात्रीच्या गाडीने परतायच्या. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींसमोर स्वागतगीत गायलेली ही मुलगी. तेव्हा तिच्या मनात जातीपायी धास्ती होती ती वेगळीच: जेवणं झाल्यावर आपल्याला उष्टी तर काढायला लावणार नाहीत ना? पुढे गाणं शिकण्यासाठी तिने ही रोजची ये-जा पत्करली. आणि शिकवणी संपली की त्यांना स्टेशनवर सोडायला कोण जायचं, तर गुरुगृही पाणी भरणारा, गाण्यापायी अकराव्या वर्षी घर सोडून ग्वाल्हेर, जालंधरपर्यंत भटकून आलेला भीमसेन जोशी नावाचा पोरगा.

तो रस्ता मी मुद्दाम पायी गेलो, आणि मन भरेना म्हणून परत उलटा आलो. दुकानं, मोटारसायकली, कडेला बांधलेली म्हैस. बघण्यासारखं म्हणाल तर काही नाही. पण काळोखात ही दोघं इथून चालताना काय बोलत असतील? नुकताच गळ्यावर घोटवलेला पलटा गुणगुणत असतील की गाडी चुकेल म्हणून नुसती झपझप चालत असतील? मला भरून आलं, ते लपवावंसंही वाटलं नाही.

कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या अज्जांनी “बर्री, कूड्री”, या, बसा, म्हणत बाक पुसून दिला. चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी पुढे ठेवली. पुण्याहून आलोय म्हटल्यावर चहाचे पैसे काही केल्या घेईनात. आमचं बोलणं निम्मं मराठी, निम्मं कन्नड, उरलेलं हातवाऱ्यांनी. पण “भीमण्णा” म्हणताना त्यांचा आवाज असा मऊ झाला, की घरच्याच माणसाबद्दल बोलताहेत असं वाटावं.

तेव्हा पुण्या-मुंबईच्या रसिकांनो, गोव्याला जाता-येता दांडेली करता, हंपी करता, तशी एक संध्याकाळ कुंदगोळसाठी काढा. वाडा दिवसाउजेडी बघून घ्या. स्टेशनपर्यंत मात्र पायीच जा, रिक्षा करू नका.