दोन नागपूर आणि आजोबांचा रिपोर्ट

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात छत्तीसगडातल्या जशपूरकडचा एक जण बदली होऊन आला. उरांव आदिवासी, कॅथलिक, माझ्याच वयाचा. पहिल्याच दिवशी डबा खाताना म्हणतो कसा, "घर में तो हम नागपुरी बोलते हैं." मी एकदम खूष, लगेच सुरू झालो, "अरे मंग हिंदी काऊन बोलून राहिला बे?" तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत बसला. मग कळलं की झारखंडकडच्या छोटा नागपूर पठारावरची जी सादरी भाषा आहे तिलाच तिकडे नागपुरी म्हणतात, आपल्या तर्री-पोह्यांच्या नागपूरशी तिचा काडीचा संबंध नाही. आणि मी हसायचं तरी काय, शाळेत भूगोलात छोटा नागपूर आलं तेव्हा मला ते कामठीच्या पलीकडे कुठेतरी असेल असंच वाटलं होतं.

पण संबंध निघाला, दुसऱ्याच बाजूने. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, इथे सरकारी प्रेसमध्ये कंपोझिटर होते. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी, त्यामुळे जशपूर-सरगुजाचा सगळा कारभार इथूनच चालायचा हे आता आपल्यालाही आठवत नाही. त्या सरकारने १९५४ साली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली, अध्यक्ष नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी, आणि १९५६ साली त्यांचा रिपोर्ट इथेच छापला गेला. त्यातली काही पानं आजोबांनी खिळे जुळवून लावलेली, म्हणून एक प्रत त्यांनी ट्रंकेत जपून ठेवली होती. वाचली का म्हटलं तर म्हणायचे, उलटी अक्षरं वाचायची सवय लागली की माणूस मजकूर वाचत नाही, नुसत्या चुका वाचतो. रिपोर्टचा सूर एका वाक्यात सांगायचा तर शाळा, दवाखाने, कर्ज, परदेशी पैसा हे सगळं धर्म बदलायला लावायची साधनं आहेत. पुढे १९६८ ला मध्य प्रदेशात धर्म स्वातंत्र्याचा कायदा झाला त्यामागेही हाच विचार होता. गंमत म्हणजे त्याच १९५६ मध्ये बाबासाहेबांसोबत नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेणाऱ्यांमध्ये हे नियोगीही होते. आणि जशपुरात १९५२ साली संघाशी जोडलेला वनवासी कल्याण आश्रम काढणारे बाळासाहेब देशपांडे, तेही आपल्या विदर्भातलेच. म्हणजे त्या डोंगरातल्या माणसांनी कोणाला हात जोडायचे याची काळजी नागपूरकडच्या लोकांना फार आधीपासून लागलेली.

मागच्या फेब्रुवारीत त्या ऑफिसातल्या मित्राच्या बहिणीचं लग्न होतं तर गेलो. हावड्याच्या गाडीने रायगड (आपला शिवरायांचा नाही, छत्तीसगडचा), तिथून गाडी करून पत्थलगाव, कुनकुरी. कुनकुरीचं चर्च बघून मी खरंच गप झालो, साल-मोहाच्या जंगलातून येता येता एकदम समोर एवढं प्रचंड काहीतरी, १९६२ ला सुरू केलेलं १९७९ ला पुरं झालं. गाव त्याच्याही पुढे, रस्ता संपतो तिथून थोडं चालत.

त्याची आजी ऐंशीच्या पुढची. माहेर बरवेचं, म्हणजे आता झारखंडातला गुमला जिल्हा. मी आजोबांच्या रिपोर्टचं सांगितलं तर तिने आतून एक पत्र्याचा डबा आणला आणि त्यातून पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला एक कागद काढला, जमिनीच्या पट्टीची पावती. तिच्या आजोबांच्या नावाची. म्हणाली हा कागद मिळाला म्हणून आमच्या घरचे ख्रिस्ती झाले.

हे प्रकरण मी नंतर वाचून काढलं. कॉन्स्टंट लीव्हन्स नावाचा बेल्जियमचा जेझुइट (कॅथलिकांचा एक मिशनरी संघ) पाद्री १८८५ साली रांचीकडे तोरपाला आला. तिथे जमीनदार मुंडा-उरांवांकडून पट्टी घ्यायचे आणि पावती द्यायचे नाहीत, वरून बेठ-बेगारी म्हणजे फुकट राबवून घ्यायचे, आणि कोर्टात गेलं की ना कागद ना भाषा. हा माणूस भाषा शिकला, जमिनीचे कायदे शिकला आणि लोकांना दावे कसे लढवायचे ते सांगायला लागला. मग काय, गावंच्या गावं त्याच्याकडे. बरवेत तर हजारोंनी बाप्तिस्मे झाले. तो स्वतः क्षयाने खंगून १८९३ ला गेला, वय ३७.

आता रिपोर्टच्या भाषेत हे प्रलोभनच झालं ना? मी मित्राला आडून आडून विचारलं, तर उत्तर आजीनेच दिलं, "वकील तो खेत ले लेता. फादर ने नाम लिया, खेत रह गया." यावर मी काय बोलणार, आमच्याकडे काकाच्या केसमध्ये वकिलाने दीड एकर खाल्लं होतं.

पण म्हणून पाद्री म्हणजे देवमाणसं असंही मला नाही वाटलं. १८९९ च्या नाताळच्या आदल्या रात्री बिरसा मुंडाच्या माणसांनी सरवदाच्या मिशनवर बाण सोडले होते, तिथे फादर हॉफमन राहायचा. गोरा साहेब काय नि गोरा पाद्री काय, टोपी एकच, असा हिशोब, आणि तो काही अगदीच चुकीचा नव्हता. कमाल ही की ज्याच्यावर बाण आले तोच हॉफमन पुढे मुंडांच्या जमिनीचे रिवाज लिहून काढतो, १९०८ च्या छोटा नागपूर टेनन्सी (म्हणजे कुळांच्या) कायद्यात ते यावेत म्हणून खटपट करतो आणि मुंडारी भाषेचा खंडच्या खंड कोश करायला घेतो. या माणसाला कुठल्या खान्यात टाकायचं ते मला अजून जमलेलं नाही.

आणि नाच. आजी म्हणे मुलगी असताना आखाड्यात (तिकडे गावातली नाचायची जागा) नाचायला फादरची मनाई होती, पोरंपोरी रात्री एकत्र नाचतात, हंडिया म्हणजे तांदळाची दारू पितात, म्हणून पाप. ही मागच्या दाराने जायची आणि रविवारी कबुली द्यायची, पुढच्या आठवड्यात परत तेच. आता लग्नाच्या मिसात, म्हणजे प्रार्थनाविधीत, चर्चमध्येच मांदर (त्यांचा ढोल) वाजत होता, बायका हातात हात गुंफून वेदीपर्यंत नाचत गेल्या. आजी माझ्या शेजारी बसून पायाने ताल धरत होती आणि तोंडाने पुटपुटत होती. मला वाटलं प्रार्थना चाललीय. नातू म्हणाला, नाही, शिव्या देतेय, माझे पाय गेले तेव्हा यांना परवानगी सुचली म्हणून.

परत आल्यावर मित्र आजोबांच्या ट्रंकेतला रिपोर्ट बघायला घेऊन गेला. चार महिने झाले, परत नाही. विचारलं की म्हणतो थांब ना बे (एवढी आपली नागपुरी आता येते त्याला), रोज रात्री फोनवर आजीला हिंदी करून वाचून दाखवतोय, ती मधे मधे थांबवून भांडते, त्यामुळे अजून तेराव्या पानावरच आहे.