सासूबाई बोर्डाचं बटण बंद करतात तेव्हा

आमच्याकडे रात्री साडेदहाला सासूबाईंची एक फेरी असते. गॅसचा कॉक, मागचं दार, मग हॉलमधल्या बोर्डाची झाडून सगळी बटणं. फार वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाशी वीज कडाडली आणि घरातला टीव्ही जळला, तेव्हापासूनचा हा नेम. इंदूरात जूनच्या वादळांचा भरवसा नाही, त्यामुळे त्यांना काही बोलायची सोयही नाही.

माझा कॉम्प्युटर त्याच हॉलमध्ये. सियागंजातल्या दोन दुकानांचे हिशेब मी लोकमान्य नगरातल्या घरातून बघते. काम संपलं की स्लीप करून उठायचं, ही जुनी सवय. सकाळी माउस हलवला की हिशेबाचं टॅली, एक्सेल, ब्राउझर, सगळं काल होतं तसं समोर. वीज गेली तर बॅटरीवर सांभाळून घेणारा यूपीएस आहेच, मग काळजी कसली?

गेल्या जूनची १० तारीख. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरायची मुदत संपत होती आणि विक्रीची यादी टॅलीशी १८० रुपयांनी जुळत नव्हती. १८० म्हणजे हजाराच्या बिलावरचा १८ टक्के कर, हे लगेच लक्षात आलं; पण बिल कुठलं ते शोधण्यात सव्वा तास गेला. सापडलं एकदाचं, एक्सेलमध्ये दुरुस्त केलं, आणि डोळे मिटत होते म्हणून सेव्ह न करताच स्लीप.

सकाळी बटण दाबलं तर कोरा डेस्कटॉप. टॅलीतलं शाबूत होतं, कारण तिथे व्हाउचर स्वीकारलं की जागच्या जागी नोंदलं जातं. एक्सेलनेही आपोआप राखलेली प्रत पुढे केली, पण ती दुरुस्तीच्या आधीची. १८०चा फरक पुन्हा हजर, आणि बिलाचा नंबर मी कुठेही टिपलेला नाही. दहा वाजता शेटजींचा फोन, "दीदी, हो गया क्या?"

"आई, रात्री यूपीएसला हात लावलात का?"

"अगं, बोर्ड बंद केला तर तो टीं-टीं करायला लागला. गप्पच बसेना. मग त्याचंही बटण दाबून धरलं. बिघडलाय का गं तो?"

यूपीएस बिचारा बॅटरीवर आल्याचं ओरडून सांगत होता.

स्लीपमध्ये प्रोसेसर, डिस्क, पंखा सगळं थांबतं, पण उघडलेलं काम रॅममध्येच, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीत, राहतं आणि रॅमला जराशी वीज लागत राहते. ती तुटली की रॅम कोरी. हे मला ऐकून माहीत होतं. १८० रुपयांनी पटलं. पुतण्याकडे प्लगला लावायचं वॅटमीटर होतं, ते आणून पाहिलं. नुसता चालू ठेवला तर ५५ वॅट, स्लीपमध्ये ३. रात्रीचे १४ तास धरले तर महिन्याला एकीकडे २३ युनिट, दुसरीकडे सव्वा. म्हणजे स्लीपचा खर्च महिन्याला फार तर एका प्लेट पोह्यांचा. बिलाची धास्ती घेऊन स्लीप टाळायचं कारणच नव्हतं. माझ्या घरात प्रश्न बोर्डाचा होता.

मग रोज शट डाउन सुरू केलं. महिनाभर बरं चाललं, फक्त प्रिंटर अधूनमधून दिसेनासा व्हायचा आणि रीस्टार्ट केलं की परत यायचा. रोज बंद करते, तरी रीस्टार्ट कशाला लागतं? पुतण्या म्हणाला, "काकू, टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली अप टाइम बघा." १९ दिवस! रोज रात्री बोर्डासकट बंद होणारा कॉम्प्युटर १९ दिवस सुरू असल्याचं सांगत होता.

ही करामत फास्ट स्टार्टअपची. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, शट डाउन केलं की आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. सुरू लवकर होतो खरा, पण गाभ्यात काही अडकलेलं असेल तर तेही तसंच परत येतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने उभं राहतं. रीस्टार्ट शट डाउनपेक्षा जास्त "पूर्ण" असावं, हा काय उफराटा कारभार! शिफ्ट दाबून शट डाउन केलं तर खरंखुरं बंद होतं, पण ते रोज कोणाच्या लक्षात राहणार?

कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे डाव्या हाताला पॉवरच्या बटणांनी काय करायचं ते ठरवायची ओळ आहे. आतल्या चौकटी आधी पुसट दिसतात. वरच्या निळ्या ओळीवर टिचकी मारली की उघडतात. फास्ट स्टार्टअपची खूण काढली आणि तिथेच हायबरनेट सापडलं, जे मेनूत मुळात दिसतच नव्हतं. यात रॅममधलं सगळं डिस्कवरच्या फाइलमध्ये उतरतं आणि मशीन पूर्ण बंद होतं. बोर्ड बंद करा, यूपीएस बंद करा, सकाळी काम जिथल्या तिथे. माझ्या ८ जीबी रॅमसाठी सी ड्राइव्हवर तीनेक जीबी अडकतात, आणि एसएसडी असल्यामुळे उठायला मला चहा गाळण्याइतका वेळही लागत नाही. जुन्या हार्डडिस्कवर हा धीर धरवला नसता.

आता दुपारी जेवायला उठताना स्लीप, रात्री हायबरनेट, आणि शनिवारी किंवा अपडेट आलं की शट डाउन. त्याच पानावर कॅबिनेटच्या बटणालाही हायबरनेट लावून टाकलं, म्हणजे मी विसरले तरी आईंना जमेल. आणि सेव्ह करायला शिकले, हे वेगळं सांगायला नको.

लेकीच्या लॅपटॉपचं अजून मिटलेलं नाही. झाकण मिटून बॅगेत टाकते आणि कॉलेजात काढते तेव्हा तो तापलेला असतो. कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी या विंडोजच्या आज्ञेला विचारलं तर माझ्या डेस्कटॉपवर एस-३, म्हणजे वर सांगितलेली जुनी स्लीप निघाली, लेकीच्या लॅपटॉपवर एस-०. या नव्या पद्धतीत तो मोबाइलसारखा अर्धवट जागाच राहतो आणि बॅगेत बसूनही नेटवर काहीबाही करत असतो. झाकणालाही हायबरनेट लाव म्हटलं, तर तिला तेवढी वीस सेकंदं थांबवत नाही.

आईंना थांबवतं. काल साडेदहाला त्या कॅबिनेटचं बटण दाबून बोर्डापाशी उभ्या होत्या, हात स्विचवर, नजर त्या निळ्या दिव्यावर. "विझला गं," म्हणाल्या, आणि मग खट्.