'जावा'च्या फोल्डरात मुंगी

लातुरात क्लास आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "नीटचा का?" माझा जावाचा आहे, म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत, बारा मशिनी आणि एक म्हातारा इन्व्हर्टर.

शिकवतो नेटबीन्सवर, म्हणजे कोड लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरवर. ८.२ हे व्हर्जन मी कैक वर्षं सोडलं नव्हतं. त्यात न्यू प्रोजेक्टची खिडकी उघडली की डावीकडं 'जावा' नावाचं फोल्डर, आणि मेव्हनचं वेगळं. पोरं 'जावा' धरायची. जावा शिकायला आलेला माणूस दुसरं काय धरणार? पण त्या 'जावा'च्या पोटात होतं अँट, २००० सालापासून चालत आलेलं बिल्ड टूल, म्हणजे कोडापासून चालणारा प्रोग्रॅम बांधणारं अवजार. मेव्हनही त्याच जातीचं. आणि मीही कधी त्याचं नाव घेतलं नाही.

त्याची फेड औशाच्या एका पोरानं करून घेतली. मायएसक्यूएल डेटाबेसची जार, म्हणजे तयार जावा कोडाचं गाठोडं, त्यानं डी ड्राइव्हच्या 'लॅब' फोल्डरातून जोडलेली. प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर टाकून घरी नेलं आणि रात्री साडेदहाला फोन, "सर, सगळं लाल दिसूलालंय!" लाल दिसणारच. प्रोजेक्टच्या 'एनबीप्रोजेक्ट' फोल्डरातल्या प्रॉपर्टीजच्या फाइलीत माझ्या लॅबचा पत्ता लिहिलेला, आणि त्याच्या लॅपटॉपला डी ड्राइव्हच नाही. मेव्हन घेतलं असतं तर त्याच्या पॉम नावाच्या सेटिंगच्या फाइलीत जारचं नाव आणि व्हर्जन एवढंच राहिलं असतं. जार त्याच्या मशिनीनं नेटवरून स्वतः आणली असती.

२०१९ च्या अकराव्या व्हर्जनपासून तीन फोल्डरं सरळ मांडलेली दिसतात: जावा विथ मेव्हन, जावा विथ ग्रेडल (हे तिसरं बिल्ड टूल), जावा विथ अँट. मला आधी वाटलं, पाटी बदलली, दुकान तेच. पण पहिल्याच तासाला पोरगी विचारती, "सर, अँट म्हणजे मुंगी ना? ती कामून ठेवलीय इथं?" मग सांगावंच लागतं. जो विषय मी इतकी वर्षं टाळला, तो त्या पाटीनं काढायला लावला.

मेव्हन सगळ्यात वर आहे, ते बरोबरच आहे. फक्त वरचं दिसलं की वरचं धरायचं ही पोरांची सवय. पहिल्या बॅचला बाराच्या बारा मशिनींनी एकदम बिल्ड चालवलं. मेव्हन पहिल्यांदा कंपाइल करायचं प्लगइनसुद्धा नेटवरून आणतं, आणि नेट म्हणजे माझ्या मोबाइलचं हॉटस्पॉट. एका टँकरवर बारा घागरी! तास गेला, 'हॅलो' काही छापून आलं नाही. आता मी माझ्या मशिनीवर आदल्या दिवशी बिल्ड करतो, युजर फोल्डरातलं डॉट एमटू, म्हणजे मेव्हननं उतरवलेल्या फाइलींचं फोल्डर, पेनड्राइव्हनं सगळीकडं टाकतो आणि मेव्हनला ऑफलाइन चालायला सांगतो. ग्रेडलच्या वाटेला मी जात नाही. त्याची रॅपर नावाची छोटी स्क्रिप्ट तर आख्खं ग्रेडलच उतरवून घेते, शंभरावर एमबी. अँड्रॉइडकडं जाणाऱ्यानं ते तिकडं बघावं.

माझं म्हणणं एवढंच, की त्या खिडकीत मेव्हनखाली एक ओळ हवी होती: पहिल्या खेपेला नेट लागेल. ती नाही, म्हणून मी पांढऱ्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलीय. परवा लाइट गेली, नेट गेलं, इन्व्हर्टर कण्हायला लागला. मागच्या बाकावरच्या एकीनं फळ्याकडं बघितलं, गुपचूप नेट न लागणाऱ्या अँटचं फोल्डर उघडलं आणि सगळ्यांच्या आधी 'हॅलो लातूर' छापून मोकळी झाली.